सगळ्यांना उत्तर देणारे घड्याळजी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि स्वभावाने संशयी आहे. नवा होतो तेव्हा तसा नव्हतो. घड्याळजींच्या दुकानात आलो, त्यांच्या भिंगाशेजारी बसलो, तेव्हा गिऱ्हाइकं माझं कौतुक करत. आता माझ्या डोक्यावर सुट्या पट्ट्यांचा डबा असतो.

मला संशयी केलं ते मेलांनी. कुणी फुकट सहल देई, कुणी टकलावर केस उगवून देई. आमचे घड्याळजी पडले भिडस्त. दारात आलेल्याला उत्तर दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही, ही दुकानाची रीत त्यांनी मेलांनाही लावली. प्रत्येकाला ते लिहीत, 'आभारी आहे, सध्या नको.' इथे वाचणारं माणूस आहे हे कळल्यावर भामट्यांची रीघच लागली. मग मी अनोळखी पत्त्यांचे मेल त्यांना न दाखवताच नको असलेल्या मेलांच्या पेटीत टाकू लागलो, आणि ती तुडुंब भरली.

शेवटी घड्याळजींच्या बायकोने त्यांना दम भरला. यापुढे अनोळखी मेलला उत्तर द्यायचं नाही आणि त्यातल्या लिंकला बोटही लावायचं नाही. घड्याळजी पेटी एका झटक्यात रिकामी करायला निघाले.

"अहो, टाकण्याआधी एकदा नजर तरी फिरवा," ती म्हणाली.

त्या कचऱ्यात त्यांच्या थोरल्या भावाच्या नावाचा मेल निघाला. पत्ता नवा, म्हणून तोही तिथेच पडला होता. 'तीनदा लिहिलं. रागावलास का? माझा नंबर बदललाय, खाली दिलाय.'

मला तर तो पक्का भामटा वाटला. घड्याळजीही थबकले. मागचं झाकण उघडल्याशिवाय ते कुठल्याच घड्याळावर विश्वास ठेवत नाहीत. खालचा नंबर सोडून त्यांनी वहिनींचा पाठ असलेला जुना नंबर लावला.

मेल खरा होता. दादा बाहेर गेले होते.

"भावजी, हे रोज सकाळी मेल उघडून बसतात," वहिनी म्हणाल्या. "मग बंद करतात आणि कुणाशी बोलत नाहीत."

घड्याळजींचे डोळे भरून आले. जगभरच्या भामट्यांना उत्तरं गेली होती, राहिला होता तो सख्खा भाऊ. मलाही फार वाईट वाटलं.

तेव्हा मित्रांनो, संशय जरूर घ्या, पण खात्री करायचा आळस करू नका. आणि कचरा टाकताना आपलं माणूस त्यात नाही ना, तेवढं बघा.

घड्याळजी लिहायला बसले. बोटं सवयीने 'आभारी आहे' लिहून गेली. ते खोडून त्यांनी लिहिलं, 'दादा, चुकलो.'