तांबडा ठिपका

मी इंजिनाच्या पोटाखालचा बोल्ट बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण मी मुळातला भित्रा. इंजिनातलं ऑइल खाली पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. साध्या गाडीत माझ्यासारखा गळला तर फरशीवर डाग पडतो आणि घरचे कुरकुरतात. पण माझी गाडी ट्रॅकवर पळते. तिथं मी गळलो तर ऑइल थेट मागच्या टायरवर जातं, आणि वळणावर झुकलेलं माणूस काही कळायच्या आत जमिनीवर असतं. मागून भरधाव येणारे असतात, ते वेगळेच.

माझा जन्म कारखान्यातला, ढिगातला. नशीब मात्र उमरग्याला उघडलं. तिथं हायवेला लागून बंडप्पांचं गॅरेज आहे. त्यांची मुलगी भुवनेश्वरी हिनं एक जुनी मोटारसायकल रेससाठी तयार करायला घेतली, ती माझी गाडी. आधी तिनं आरसे काढले, मग स्टँड काढला. पडलीच गाडी तर काचा ट्रॅकवर सांडू नयेत म्हणून दिव्यांवर चिकटपट्टी लावली. मी खाली लपून होतो. म्हटलं, आपल्यावर काही बेतत नाही.

कसलं काय! बंडप्पांनी मला बाहेर काढून डोक्याला आरपार भोक पाडलं. मी ओरडलो, पण ड्रिलच्या आवाजात कोण ऐकतो? नंतर कळलं, ते माझ्या भल्यासाठीच होतं. त्या भोकातून बारीक स्टीलची तार ओवायची, पीळ घालायचा आणि दुसरं टोक इंजिनाला बांधायचं. मग इंजिन कितीही थरथरलं तरी मला उलटं फिरता येत नाही. दाव्याला बांधलेल्या वासरासारखा मी निश्चिंत झालो.

बंडप्पांची एक सवय होती. बोल्ट पान्यानं आवळला, तार बांधली, की त्याच्यावर ऑइलपेंटचा तांबडा ठिपका द्यायचा. पोरीला सांगायचे, "ठिपका हाय म्हंजे काम झालं. ठिपका न्हाय म्हंजे हात लाव." त्या ठिपक्यावर घरातल्या सगळ्यांचा भरवसा होता. माझाही होता.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रेस होती. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बंडप्पांनी ऑइल बदलायला घेतलं. माझी तार कापली, जुना ठिपका पुसला, नवं ऑइल ओतलं आणि मला नुसतं हातानं फिरवून बसवलं. तेवढ्यात दारात एक बंद पडलेला ट्रक आला. "सकाळी आवळतो," म्हणत ते उठले.

सकाळी ते उठायच्या आत त्यांच्या बायकोनं, शिवगंगाबाईंनी, सगळे पाने, पकडी, हातोडे धुऊन पूजेला मांडले होते. खंडेनवमीला पूजेत बसलेल्या हत्याराला हात लावत नाहीत. बंडप्पांनीही लावला नाही. पूजा आटोपून शिवगंगाबाई गाडीकडं वळल्या. टाकीला, हँडलला, चाकांना हळदकुंकू लावलं. मग त्या गुडघे टेकून खाली वाकल्या. भुवनेश्वरी एकदा बोलून गेली होती, "अव्वा, मला सगळ्यात भ्या ह्या बोल्टाचं वाटतंय." आईनं ते मनात ठेवलं होतं. तिनं माझ्या कपाळावर कुंकवाचं भरघोस बोट टेकवलं आणि माझ्याकडं बघून हात जोडले.

दसऱ्याला संध्याकाळी गाडी टेम्पोत चढवताना बंडप्पांनी बॅटरी मारून खालून सगळे ठिपके बघितले. माझ्यावरही उजेड आला. दोन दिवसांच्या गडबडीत माझं राहिलेलं काम ते विसरले होते. तांबडं दिसलं. "झालंय सगळं," ते म्हणाले.

नाही हो झालं! मी सैल आहे! पण बोल्टाला तोंड कुठलं?

रेसची तपासणी दुपारी होती. सकाळी सराव होता, आणि सरावाला ज्यानं त्यानं आपलीच गाडी बघून घ्यायची होती. भुवनेश्वरी ट्रॅकवर उतरली. इंजिन तापलं, थरथरलं आणि मी केसभर फिरलो. प्रत्येक वळणाला ती एवढी झुकायची, की डांबर मला वीतभरावर दिसायचं. मी आटे घट्ट धरून होतो. तरीही फिरत होतो.

पहिला सराव संपवून ती आत आली. बंडप्पांनी सवयीनं गाडीखाली पुठ्ठा सरकवला. शिवगंगाबाई शेजारीच बसल्या होत्या.

"अहो, हितं बघा की. कायतरी तांबडं गळालंय."

"ऑइल कुठं तांबडं असतंय?" बंडप्पा हसले.

शिवगंगाबाईंनी तो थेंब बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला. त्यांचा चेहरा उतरला. "हे कुंकू हाय. माज्या हातचं. परवा म्याच लावलं की तुमच्या त्या बोल्टाला."

बंडप्पांचं हसू विरलं. त्यांनी खाली हात घातला आणि मी त्यांच्या दोन बोटांत गर्रकन फिरलो.

भुवनेश्वरी हेल्मेट चढवून पुन्हा निघायच्या तयारीत होती. "अप्पा, सरका की, उशीर होतोय."

"उतर."

"काय झालं?"

"उतर म्हन्लं न्हवं!" एवढं बोलून ते पाना घ्यायला वळले.

तार आणली, पण बंडप्पांना पीळ काही धड घालता येईना. शेवटी भुवनेश्वरीनंच मला आवळलं आणि बांधलं. शिवगंगाबाई बाजूला उभ्या राहून डोळे पुसत होत्या. "म्या तर पोरीला काय होऊ नये म्हणून लावलं हुतं," एवढंच त्या म्हणत राहिल्या. भुवनेश्वरीनं त्यांना जवळ घेतलं. "तुज्या कुंकवानंच तर कळालं, अव्वा," ती म्हणाली.

त्या रेसमध्ये ती कितवी आली, मला खरंच ठाऊक नाही. ती आपल्या पायांनी चालत आली, तेवढं मला पुरलं.

मी अजून त्याच गाडीत आहे. जुना झालोय, आटे झिजलेत, आणि भीती काही गेलेली नाही. ती जाऊही नये असंच वाटतं. तुमच्याकडं एक मागणं आहे. गाडी बाहेर काढण्याआधी आम्हाला नुसतं बघू नका, एकदा हात लावा. आमच्यावर कुणाचा तरी जीव असतो.

यंदाची खंडेनवमी नुकतीच झाली. शिवगंगाबाई कुंकवाचं ताट घेऊन पुन्हा माझ्यासमोर वाकल्या. कुंकवात बुडालेलं बोट माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं. त्यांनी ते पदराला पुसलं. मग आधी मला चिमटीत धरून फिरवून बघितलं, तार ओढून बघितली आणि माझ्या कपाळावर पांढरी विभूती लावली.

तांबडा ठिपका त्यांनी बंडप्पांसाठी सोडला होता.