नऊची मोजणी

गहू संशोधन केंद्राच्या काचघरात मोजणीबाईंनी रोपांचा ट्रे जवळ ओढला आणि चौथ्यांदा मोजायला सुरुवात केली. उभं रोप असेल तर मोजायचं, मान टाकलेलं असेल तर सोडून द्यायचं. पन्नासांपैकी चोवीस. चौथ्यांदाही चोवीसच! गव्हाच्या रोपांना मोजणाऱ्याची कीव थोडीच येते.

बारा दिवस या रोपांना पाण्याचा थेंब दिला नव्हता. परवा सकाळी पाणी घातलं, आज नऊला मोजणी. तीस उभी राहिली तर वाण पुढच्या परीक्षेला, नाहीतर त्याचं सगळं बियाणं पोत्यात आणि पोतं संध्याकाळी गिरणीत. हा नियम चाळीस वर्षांपूर्वी केंद्रप्रमुख सरांनीच घातलेला. आणि हे बेचाळीस नंबरचं वाणही सरांचंच, अकरा वर्षं खपून तयार केलेलं. उद्या ते निवृत्त होणार होते.

"किती?" सरांनी दारातूनच विचारलं.

"चोवीस." बाईंनी ट्रे पुढे सरकवला. "सर, दुपारी परत एकदा बघू का?"

"नऊ म्हणजे नऊ. उशिरा येणाऱ्याची हजेरी लावतो का आपण? घरचं पोर असलं म्हणून काय झालं?"

रजिस्टरात नापासची सही त्यांनी स्वतःच केली. बियाण्याची पिशवी मात्र पोत्यात फेकली नाही, हात आत घालून अलगद ठेवली. ते बघून बाईंना रडूच आलं.

दुपारी जेवणं झाली की काचघरात सुस्ती उतरते. ओल्या मातीचा वास, काचेवरून रमतगमत घसरणारे थेंब, आणि ऊन असं हिरवट, की आपण तळ्याच्या तळाशी बसलोय असं वाटावं. नापास ट्रे धुवायला म्हणून आलेल्या बाई जरा स्टुलावर टेकल्या आणि त्यांचा डोळा लागला. स्वप्नात कुणीतरी उठत होतं, गुडघ्यांवर हात रेटून, घरातल्यांची झोपमोड नको म्हणून अगदी हळू. मग दुसरं कुणीतरी. मग घरभर सगळेच.

त्यांनी डोळे उघडले, तर ट्रेमधली रोपं उभी होती.

आधी वाटलं, स्वप्न अजून संपलेलं नाही. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि मोजलं. एकोणपन्नास. पन्नासावं कमरेत वाकलेलं होतं, पण तेही सरळ व्हायच्या बेतात होतं. घड्याळात सव्वाचार वाजले होते.

"अगंबाई! सर, अहो सर, आधी इकडे या!"

सर आले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"पाणी घातलंस?"

"शप्पथ नाही. वजन करा हवं तर."

त्यांनी केलंही. ट्रे सकाळी नोंदलेल्या वजनापेक्षा हलकाच भरला.

तेवढ्यात शिपाईमामा पोतं न्यायला आले.

"हात लावू नका त्याला!" बाई ओरडल्या. त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पिशवी बाहेर काढली आणि सरांच्या हातात दिली.

"माझं काय जातंय," मामा म्हणाले. "गिरणीचा फेरा वाचला."

सर पिशवी छातीशी धरून लहान मुलासारखे हसले. "आळशी लेकाचं! उशिरा उठलं, पण सगळं खानदान घेऊन उठलं."

बाईही हसल्या. आनंदाच्या भरात त्यांनी सहज विचारलं, "पण सर, मोजणी नऊलाच का ठरवली होती हो तुम्ही?"

"आपली बस पावणेनऊला पोचायची ना. आल्या आल्या मोजून टाकलं की दिवस मोकळा."

सर बोलून गेले. मग त्यांचं हसू ओसरलं. मामा रिकाम्या हातांनी तसेच उभे राहिले, मग निघून गेले.

भिंतीशी चाळीस वर्षांची रजिस्टरं रांगेत लावलेली होती, त्यांतली प्रत्येक मोजणी नऊचीच. बाहेर परतीच्या बसचा हॉर्न वाजला. सरांनी ती बस आजवर एकदाही चुकवली नव्हती.

"सर, बस."

"जाऊ दे."

त्यांनी सगळ्यात जुनं रजिस्टर काढलं, त्यावरची धूळ बाहीने पुसली आणि बाईंपुढे ठेवलं.

"वाच. तिसाच्या आतले तेवढेच."

"सत्तावीस," बाईंनी वाचलं.

"टाकलं."

"एकोणतीस."

"टाकलं."

"चोवीस."

या वेळी सर ट्रेकडे वळले. ट्रेमधलं पन्नासावं रोप आता सरळ उभं होतं. बाहेर बस निघून गेल्याचा आवाज आला. बाईंचं बोट पुढच्या ओळीवर अडून राहिलं.

"थांबलीस का?" सर म्हणाले. "वाच ना गं."