जिन्यावरची फुली

शोधपथकात त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण ढिगाऱ्यापुढेही तो आधी गणित मांडायचा. इमारत कोसळली की नकाशावर चौकोन आखायचे, माणूस कुठे असेल याचे शंभरातले आकडे वाटायचे आणि मोठ्या आकड्यापासून सुरुवात करायची. कान लावून आवाज आला नाही, तर चौकोनावर एक तिरकी रेघ. सगळी यंत्रं बंद करून पुन्हा ऐकलं, तरच दुसरी. दोन रेघांची फुली झाली की तो चौकोन मेला. नियम त्याचाच.

या वेळी आत फक्त एकच माणूस उरला होता, तो म्हणजे त्याचे भाऊजी.

"ते लिफ्टमध्येच असणार रे," ताई म्हणाली. "गुडघे दुखतात त्यांचे. जिन्याचं नाव काढत नाहीत."

घरच्या माणसाचा शब्द. मास्तरने लिफ्टला साठ दिले, जिन्याला पाच. जिन्यापाशी कान लावला तेव्हा जनरेटर धडधडत होता, आणि तो बंद केला तर लिफ्टवरचं कटर थांबणार. पाचासाठी कोण एवढी उठाठेव करतो? त्याने एका दमात फुली मारून टाकली.

तिसऱ्या दिवशी लिफ्ट उघडली. रिकामी. लिफ्टचे ते साठ तो उरलेल्या चौकोनांत वाटत बसला. फुलीच्या वाट्याला काहीच आलं नाही. शून्याला कितीनेही गुणा, शून्यच.

पाचव्या दिवशी इमारतीचा वॉचमन सहज म्हणाला, "लिफ्ट? ती तर आदल्या दिवसापासून बंद होती, साहेब."

"मग आधी बोलला का नाहीस?"

"मला विचारलं कुणी?"

पाच दिवस वॉचमन ढिगाऱ्याभोवती बांधलेल्या दोरीपाशीच बसून होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण हसायला तिथे कुणाला तोंड उरलं नव्हतं.

भाऊजी जिन्याखाली सापडले. कठड्याच्या पाइपाचा रंग एकाच जागी टवके उडून गेला होता. डॉक्टर मास्तरला बाजूला घेऊन म्हणाले, कालपर्यंत जिवंत असावेत.

ताई आली. "लगेच गेले ना रे? त्रास नाही ना झाला?"

"लगेच, ताई. पहिल्याच दिवशी."

तिने चादरीखालून नवऱ्याचा हात काढून आपल्या हातात घेतला. बोटांची सालटी निघाली होती आणि मुठीत विटेचा तुकडा घट्ट धरलेला होता.

"मग हे ठोकून कुणाला बोलावत होते?"