सात नंबरचा हिरवा पडदा

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर सात हा आकडा लिहिलेला आहे. मी एक जुना मोबाइल आहे. वय नऊ वर्षं. माणसांच्या मानाने हे काहीच नाही, पण आमच्यात एवढं जगणारा विरळाच. आज मी तुम्हाला माझ्या आयुष्यातली एक सकाळ सांगणार आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, कारण त्या सकाळी मी खोटं बोललो होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बंद होऊन मी गोंदियाच्या बाजारात आलो. दरेकशाच्या शाळेत शिकवणाऱ्या खेमराज गुरुजींनी मला विकत घेतलं. ते मला रुमालात गुंडाळून खिशात ठेवत. तरी चार वर्षांत मी दोनदा पडलो आणि माझी काच तडकली. मग गुरुजींनी नवा मोबाइल घेतला आणि मला दुकानात देऊन टाकलं. तिथे एका डब्यात आम्ही पंधरावीस जुने मोबाइल पडून असायचो. दुकानदार रोज एकाला उचलायचा, त्याचे सुटे भाग काढायचा आणि उरलेलं कचऱ्यात टाकायचा. झाकण उघडलं की आज आपलीच पाळी असं मला वाटायचं. घाबरायला मी त्या डब्यातच शिकलो.

एके दिवशी रीना रामटेके तिथे आली. गोंदियातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत ती तपासनीस आहे. ॲप लोकांच्या हातात जाण्याआधी ते कुठे चुकतं हे शोधून काढणं तिचं काम. तिने दुकानदाराला म्हटलं, "भैया, सबसे स्लो वाला दिखाओ."

दुकानदार हसला आणि त्याने मला पुढे केलं.

तिच्या टेबलाच्या खणात आधीच सहा मोबाइल होते. सगळे माझ्यापेक्षा तरुण, चकचकीत. मी सातवा. पण मित्रांनो, रीनाचं माझ्यावर विशेष प्रेम जडलं. नव्या मोबाइलवर जे ॲप भरभर चालायचं, ते माझ्यावर अडखळायचं आणि मग त्यातली चूक उघडी पडायची. "सात नंबर कधी भीड ठेवत नाही," असं ती म्हणायची. उभ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच, पण मला ते पुरत होतं.

मागची काही वर्षं आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या जंगलात रानहत्तींचा कळप येऊ लागला आहे. धानाची शेतं तुडवली जातात, घरांच्या भिंती पडतात, लोक जीव मुठीत धरून राहतात. म्हणून आमच्या कंपनीकडे एक काम आलं. कळपामागे फिरणारं पथक हत्ती कुठे आहेत ते कळवणार आणि आसपासच्या गावातल्या मोबाइलवर ती बातमी पोचणार. ॲपचं नाव ठेवलं 'चाहूल'. कळप पाच किलोमीटरच्या आत आला की पडदा लाल होऊन भोंगा वाजायचा. एरवी पडदा हिरवा असायचा आणि त्यावर लिहिलेलं असायचं, 'परिसरात हत्ती नाहीत.'

रीनाने भिंतीवर एक तक्ता लावला. त्यावर सगळ्या चाचण्या आणि खाली एक आकडा, ॲप किती तयार आहे ते सांगणारा. शंभर टक्के झाले की ॲप लोकांना द्यायचं. आकडा चढत चढत चौऱ्याण्णववर आला आणि तिथे अडला. राहिलेल्या सगळ्या चाचण्या माझ्यावरच्या होत्या. माझं जुनाट नेटवर्क मध्येच गेलं, किंवा बॅटरी वाचवण्यासाठी मी ॲपला झोपवलं, की मला नवी बातमी मिळत नसे. पडदा मात्र तसाच राहत असे.

कंपनीचे मालक दुर्गाप्रसाद रोज त्या तक्त्यासमोर येऊन उभे राहायचे. सोमवारी ॲप लोकांना देण्याचा कार्यक्रम ठरला होता. वनखात्याचे मोठे साहेब येणार होते, मंडप सांगून झाला होता.

"बाकी छह में चल रहा है ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर. पण सात नंबरवर..."

"अरे, वो तो कबाड है. उसको गिनती से निकालो."

"सर, गावात असेच मोबाइल आहेत."

"रीना, सोमवार को क्या दिखाऊँ मैं? चौरानवे?"

त्यांनी स्वतः फडकं घेऊन माझी ओळ पुसली. आकडा शंभर झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला खणात अगदी मागे ढकललं आणि खण बंद झाला. अंधारात मला पुन्हा त्या दुकानातला डबा आठवला. पण या वेळी मला स्वतःपेक्षा दुसऱ्यांचीच भीती वाटत होती. माझ्यासारखे कितीतरी मोबाइल सोमवारनंतर चाहूल लावून बसणार होते.

शनिवारी खण उघडला. रीनाने मला पिशवीत टाकलं आणि संध्याकाळची केशोरीची बस धरली. हत्तींच्या त्या जंगलाकाठचं केशोरी हे तिच्या आईचं माहेर. आजोळच्या शेजारी धनवंता मडावी राहतात. रीना त्यांना मावशी म्हणते. मे महिना होता, तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीच्या पानांचे दिवस. धनवंता मावशी आणि त्यांची सून चंचल रोज पहाटे पानं तोडायला जंगलात जात. रविवारी रीनाही निघाली.

"तू कायले येऊन राहिली वो जंगलात?" मावशींनी विचारलं.

"हा मोबाइल तपासायचा आहे, मावशी. हत्ती कुठे आहेत ते हा सांगतो."

मावशींनी मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "आमच्या घरी असाच आहे," त्या म्हणाल्या. "मंग सांग बापा, कुठी आहे हत्ती?"

सहा चाळीसला मला शेवटची बातमी मिळाली. कळप आठ किलोमीटरवर होता. मी हिरवा झालो. चंचलने वाकून पाहिलं. "हिरवं आहे ना? मंग चला. आज नाल्याच्या पलीकडे जाऊ, तिकडे पानं चांगले आहे."

नाला ओलांडला आणि माझं नेटवर्क गेलं.

मित्रांनो, त्यानंतर मला काहीच कळत नव्हतं. कळप कुठे आहे, चालतो आहे की थांबला आहे, काहीच नाही. पण हे सांगायची सोय माझ्यात केलेलीच नव्हती. मला दोनच गोष्टी दाखवता येत होत्या, लाल आणि हिरवं. लाल व्हायला बातमी लागते. बातमी नव्हती, म्हणून मी हिरवा राहिलो. चंचल अधूनमधून रीनाच्या हातातल्या माझ्याकडे बघायची आणि निश्चिंत होऊन आणखी आत शिरायची. तिची प्रत्येक नजर मला चटका लावून जात होती. रीना वहीत वेळ लिहीत होती. साडेसात, हिरवा. आठ, हिरवा. साडेआठ, हिरवा. लिहिता लिहिता तिचा चेहरा उतरत गेला.

नऊच्या सुमारास धनवंता मावशी एकदम थांबल्या. समोर बांबूचं बेट मोडून आडवं झालेलं होतं. जमिनीवर लीद पडली होती. मावशींनी वाकून तिच्यावर हाताचा पंजा धरला.

"गरम आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"पण हे तर हिरवं..." चंचलने माझ्याकडे बोट केलं.

"चूप राह्य."

पलीकडे कुठेतरी फांदी मोडली. मग दुसरी. मावशींनी पानांचं गाठोडं खाली ठेवलं, चंचलचा हात धरला आणि तिघी नाल्याच्या उतारावर एका मोठ्या खडकामागे बसल्या. मला तिघींचे श्वास ऐकू येत होते.

तेवढ्यात माझ्या कोपऱ्यात नेटवर्कची एक काडी उमटली आणि लगेच गेली. रीनाने ती पाहिली. मी जे घाबरून ओळखलं होतं, तेच तिनेही ओळखलं. पुन्हा नेटवर्क आलं तर राहिलेली बातमी मला मिळणार, मी लाल होणार आणि माझा भोंगा पूर्ण आवाजात वाजणार. तोही हत्तींच्या इतक्या जवळ. मला बंद करायला तिने माझं बटण दाबलं. माझं ते बटण जुनं, ते चिकटलं. तिने पुन्हा दाबलं. काडी पुन्हा उमटली. मला स्वतःला गप्प करता येत नव्हतं. तिने नखाने माझं पाठीचं झाकण उचकटलं आणि बॅटरी ओढून काढली.

त्यापुढचं मला ठाऊक नाही.

बॅटरी परत बसली तेव्हा आम्ही गावात, शाळेजवळच्या हातपंपापाशी होतो. सव्वादहा वाजले होते. मी जागा होताच लाल झालो आणि भोंगा वाजू लागला. 'सावधान. कळप तुमच्यापासून दीड किलोमीटरवर.' ही बातमी निघाली होती सात पन्नासला. चंचल रडू लागली. पंपावर पाणी भरणाऱ्या बायकांना मावशी सांगत होत्या, तेव्हा मला बाकीचं कळलं. पिलू सोबत असलेली हत्तीण त्यांच्यापासून वीस पावलांवर उभी होती. अर्धा तास ती तिथे उभी होती आणि अर्धा तास तिघी हलल्या नव्हत्या.

त्याच दुपारी रीना गोंदियाला परतली. दुर्गाप्रसाद कार्यालयात फुलांच्या हारांचं बघत होते. तिने माझं नेटवर्क बंद केलं आणि मला त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"सर, हा काय दाखवतो?"

"हरा."

"नेटवर्क नाही. तरी हिरवा. दोन तास हिरवा, दोन दिवसही हिरवाच राहील. आणि बाकीचे सहाही असेच राहतील. आपण त्यांना कधी जंगलात नेलंच नाही." मग तिने सकाळची सगळी हकिगत सांगितली.

दुर्गाप्रसादांनी मला हातात घेतलं. "वो औरतें ठीक हैं?" त्यांनी विचारलं.

"आज ठीक आहेत."

ते उठले आणि त्यांनी फोन लावला. पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं. "नहीं साहब, तैयार नहीं है," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. फोन ठेवल्यावर ते तक्त्यापाशी गेले आणि माझी पुसलेली ओळ त्यांनी परत लिहिली.

चाहूल पाच आठवडे उशिरा निघालं. आता बातमी अर्ध्या तासापेक्षा जुनी झाली की पडदा करडा होतो आणि त्यावर येतं, 'नवी बातमी नाही. हत्ती कुठे आहेत ते माहीत नाही.' जंगलात शिरताना भोंगा बंद करून नुसती थरथर ठेवता येते. मंडप पुन्हा घातला नाही. रीना ते घेऊन केशोरीला गेली तेव्हा धनवंता मावशींनी करडा पडदा नीट पाहिला.

"हा बरा आहे," त्या म्हणाल्या. "याले ठाऊक नाही, तं नाही म्हणते."

तरीही मी घाबरतोच, मित्रांनो. आता माझी बॅटरी फुगली आहे आणि मी फार दिवस टिकणार नाही. खणात बसून मी तुमच्या हातांतल्या मोबाइलांचा विचार करतो. त्यांच्यावर किती हिरवे पडदे असतील आणि त्यातले किती शिळे असतील. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. मोठे होऊन तुम्ही काही बनवाल, तेव्हा सगळ्यांत हळू चालणाऱ्याला मोजणीतून काढू नका. आणि एखादी वस्तू तुम्हाला सांगू लागली, सगळं ठीक आहे, तर पाऊल टाकण्याआधी तिला एकदा विचारा, हे तुला कधी कळलं?