शेवटचे चार अंक

पाथरवटाच्या शेडमध्ये पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. ताईने बाबांचं नाव वाचलं, खाली कोरलेला आकडा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय केलंस?" तिने धाकट्या भावाला विचारलं.

"बाबांची लाडकी संख्या. अख्खी मावत नव्हती, म्हणून शेवटचे चार अंक उडवायला सांगितले. कोण मोजतंय?"

बाबांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. उद्या त्याच शाळेच्या वाचनालयात त्यांच्या स्मरणार्थ ही पाटी बसायची होती. ताईही गणिताचीच शिक्षिका, पण भावाने सगळं परस्पर उरकलं होतं. विचारणं नाही, पुसणं नाही.

"शेवटी दोन आलाय. ज्या माणसाने मूळ संख्यांवर जीव टाकला, त्याच्या नावाखाली तू सम संख्या कोरलीस. उद्या शेंबडं पोरही हसेल."

तिने पाथरवटाची पेन्सिल उचलली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७.

"एक आणि ती स्वतः सोडून हिला कशाने भाग जात नाही, म्हणजे ही मूळ. आता डावीकडचा तीन काढ. उरते तीही मूळ. पाच काढ, तीही मूळ. सोलत सोलत शेवटी सात उरेपर्यंत कुठेच मोडत नाही. शून्य न वापरता अशी याहून मोठी संख्या बनतच नाही. चारच अंक उडवायचे होते ना? डावीकडचे उडवले असतेस तरी निभावलं असतं. तू नेमके उजवीकडचे उडवलेस."

भावाने डावीकडून एकेक अंक बोटाने झाकून पाहिला.

"एवढंच?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "एवढ्यासाठी तुम्ही दोघं दार लावून बसायचात? मी दार वाजवलं की बाबा म्हणायचे, हे तुझं काम नाही. अगं, हे मला दहाव्या वर्षीही कळलं असतं."

'त्याच्या डोक्यात नाही शिरायचं,' असं बाबा ताईला सांगायचे आणि तिने ते खरं मानलं होतं. आज पहिल्यांदाच तिला बाबांचा संताप आला. पण गेलेल्या माणसाशी भांडणार कसं? ती पुन्हा भावावरच घसरली.

"मग मला विचारायचं होतंस."

"सांगितलं असतंस?"

ताईने पेन्सिल खाली ठेवली. पाथरवट छिन्नी हातात घेऊन ताटकळला होता. "ओळ घासून काढतो," तो म्हणाला, "पण तिथे खोलगट दिसेल."

"दिसू दे," भाऊ म्हणाला. "बारीक कोरा, पण सगळे बसवा." पुठ्ठा ओढून घेत तो स्टुलावर बसला आणि एकेक अंक दात-ओठ खात वाचू लागला.

दुसऱ्या दिवशी पाटी बसली. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, "सरांनी घरातल्या प्रत्येकाला गणिताची गोडी लावली."

भाऊ उठून बाहेर गेला. ताईने त्याला थांबवलं नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा तिचे हात मांडीवरच होते.