गाण्याखाली दबलेले वाक्य

मी एक जुना मोबाइल आहे. सध्या माझा मुक्काम ताईच्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे, संपलेल्या बॅटऱ्या आणि कशालाच न लागणाऱ्या किल्ल्यांच्या शेजारी. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि मागचे झाकण रबराने बांधलेले आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. मला राग आला आहे आणि तो कुणाला तरी सांगायचा आहे.

कारखान्यात जन्मलो, काही दिवस दुकानाच्या काचेत मिरवलो आणि मग ताईच्या हाती आलो. ताई एका मोठ्या इस्पितळात चादरी धुण्याच्या विभागात काम करते. तिथल्या वाफेने माझ्या काचेवर धुके धरायचे आणि ती दर थोड्या वेळाने मला बाहीने पुसायची. तिच्याइतके मला कुणी जपले नसते. माझ्या पोटात सगळ्यात जास्त फोटो होते ते तिच्या धाकट्या भावाचे. त्याला घरात 'मासा' म्हणत.

मासा शहराच्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायचा. पाण्याला घाबरणारी मुले मुद्दाम त्याच्याकडे दिली जात. तो मुलाच्या पाठीखाली तळहात धरायचा आणि म्हणायचा, "मी धरलंय. तू फक्त वर छताकडे बघ." मग हळूच हात काढून घ्यायचा. पोर तरंगत असायचे आणि त्याला पत्ताही नसायचा.

ताईचे पणजोबा दुसऱ्या खंडातून जहाजावर बसून मजुरीला आले होते. त्यांचा काळाभोर रंग आणि दाट कुरळे केस घरात उतरत आले. भाषा मात्र इथलीच, आणि भांडणेही इथल्याच भाषेत. तरी रस्त्यात कुणी ना कुणी विचारतेच, "तुम्ही मूळचे कुठले?" ताई सांगते, "मागच्या गल्लीतले."

एकदा ताई माशाचा विसरलेला डबा द्यायला तलावावर गेली. व्यवस्थापकांनी त्याला पायऱ्यांपाशी बोलावून घेतले होते. त्यांचा चेहरा पाहून ताईला काय वाटले कोण जाणे, तिने मला वर धरले आणि चित्रीकरण सुरू केले. मी सगळे ऐकले. व्यवस्थापक बोटातली अंगठी फिरवत अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही रे. पण तुमच्या वंशाच्या माणसाचा हात मुलांच्या अंगाला लागतो, ते काही पालकांना चालत नाही. पास परत करतायत लोक. तू समजून घे."

माशाने गळ्यातली शिट्टी काढून कठड्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाला.

नंतर तलावाने कागदोपत्री कारण दिले ते वेगळेच. 'मुलांशी बेपर्वाईने वागल्यामुळे.' याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. हा डाग कपाळी असला तर कुठलाच तलाव त्याला कामावर घेणार नव्हता. शहराच्या तक्रार समितीपुढे दाद मागायची, एवढीच एक वाट उरली होती. आणि ते वाक्य जसेच्या तसे माझ्याजवळ होते.

ताईबरोबर इस्त्री करणारी तिची मैत्रीण व्हिडिओ पसरवण्याच्या बाबतीत स्वतःला फार जाणकार समजते. ती म्हणाली, "लोक एवढं लांबलचक बघत नाहीत गं. शिट्टी ठेवतो ना, तेवढंच ठेव. आणि त्याच्यावर गाणं लाव. रडवणारं."

ताईने तसेच केले आणि ती क्लिप सगळीकडे टाकली. खाली माशाच्या पोहायला शिकवणाऱ्या तळहाताबद्दल दोन ओळी लिहिल्या. व्यवस्थापकांच्या वाक्याचा जो तुकडा उरला, तो गाण्याखाली दबून गेला.

मग जे सुरू झाले ते विचारू नका. मी टिंग टिंग करून थकलो. लाल बदामांचा पाऊस पडला. माशाचा तो आधाराचा तळहात कुणाला तरी आवडला, म्हणून लोक स्वतःच्या तळहातावर पाण्याचा थेंब ठेवून फोटो टाकू लागले. नट्यांनी टाकले, शाळांनी टाकले, एका चपलांच्या दुकानाने तर थेंबाबरोबर सवलतही टाकली. आणि कळस म्हणजे खुद्द त्या तरणतलावाने तळहाताचा फोटो टाकला. खाली लिहिले होते, 'पाण्याला रंग नसतो.' तो तळहात व्यवस्थापकांचा होता. त्यांची अंगठी मी ओळखली.

आईला मात्र भरून आले. "एवढी माणसं आहेत होय आपल्या बाजूनं?" ती पुन्हापुन्हा विचारायची.

मासा म्हणाला, "यातलं कोण आपलं पोर माझ्याकडे पाठवेल, ते विचार."

"तुला कशात म्हणून चांगलं दिसत नाही," ताई चिडली. ती प्रत्येक संदेशावर बदाम ठेवत होती. जेवताना, बसमध्ये, चादरी मशीनमध्ये फिरत असताना. एवढे लोक आपल्यासाठी लिहितात तर त्यांचा मान ठेवायला नको का, असे तिचे म्हणणे. वाचायला मात्र तिला सवड नव्हती.

आलेल्या तळहातांनी माझे पोट फुटायला आले. एक दिवस कुठल्याशा वाहिनीवर ताईची मुलाखत ठरली आणि मी ऐन वेळी सांगितले की जागा संपली. ताईने घाईघाईने सगळ्यात मोठा व्हिडिओ शोधला. तो तोच होता, मूळचा, बिनगाण्याचा. "हा काय, जगभर गेलाय," असे म्हणून तिने तो पुसला, आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मित्रांनो, आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. 'नक्की पुसायचे का?' एवढेच मी विचारू शकतो. तिने 'हो' दाबले.

समितीच्या बैठकीला 'आम्ही येणार' असे शेकडो जणांनी कळवले होते. खोलीत खुर्च्या कमी पडतील म्हणून आई दोन स्टुले घेऊन गेली. आली ती फक्त मैत्रीण. आणखी एक गृहस्थ दारापर्यंत आले, तळहात दाखवून स्वतःचा फोटो काढला आणि गेले. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

समितीच्या अध्यक्षबाईंनी क्लिप पाहिली. पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाल्या, "गाणं छान आहे. पण मला ते काय म्हणाले हे ऐकायचंय. बिनगाण्याचं आहे का?"

"मी तर त्याला प्रेमानं समजावत होतो," व्यवस्थापक म्हणाले. "मुलांच्या सुरक्षिततेबद्दल."

ताईने मला उलटेपालटे शोधले. तेव्हा तिला कळले. तिच्या हातातून मी निसटलो तो फरशीवर कोपऱ्यावरच आदळलो. हा तडा तेव्हाचा.

पुढच्या बैठकीपर्यंत पुरावा किंवा घराबाहेरचा साक्षीदार आणा, असे सांगून अध्यक्षबाई उठल्या. ताई बाहेर बाकावर बसली आणि तडकलेल्या काचेतून पहिल्यांदाच एकेक संदेश वाचू लागली. मी मनात ओरडत होतो, खाली, अजून खाली! कारण मला ठाऊक होते. पहिल्याच आठवड्यात एका बाईने लिहिले होते, 'मी तेव्हा पायऱ्यांवर मुलीचे केस पुसत होते. साहेब काय म्हणाले ते मी ऐकले आहे. सांगायला कुठे येऊ?' काही दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. मग, 'कुणी उत्तर देत नाही, म्हणजे गरज नसावी.'

तिन्ही संदेशांवर ताईचा लाल बदाम होता.

ताई तिथेच रडली. मग डोळे पुसून तिने त्या बाईला उत्तर पाठवले, नंबर मागितला आणि फोन लावला. बाईंनी एवढेच विचारले, "किती वाजता येऊ?"

पुढच्या बैठकीत त्यांनी ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले. खोलीत कुठलेच गाणे नव्हते. व्यवस्थापक अंगठी फिरवत बसले. माशावरचा ठपका पुसला गेला आणि काम परत मिळाले. व्यवस्थापकांची बदली झाली, म्हणे याहून मोठ्या तलावावर.

पहिल्या दिवशी ताई मला घेऊन तलावावर गेली. बाकीच्या लेनमध्ये मुलांची नुसती खेचाखेच. माशाच्या लेनमध्ये एकच मुलगी होती, त्या बाईंची. पायऱ्यांवर पालक बसले होते. त्यांतले कितीतरी चेहरे मी ओळखले, कारण त्यांचे थेंब अजून माझ्या पोटात होते. माशाने मुलीच्या पाठीखाली हात धरला, हळूच काढून घेतला. ती तरंगली. तशी पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी आपापले मोबाइल वर केले आणि तिचा व्हिडिओ काढू लागले. त्यांची पोरे शेजारच्या लेनमध्ये अंग चोरून उभी होती.

ताईने मला पर्समध्ये ठेवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत नवा मोबाइल आला आणि मी या खणात आलो. तो नवा बाहेर सारखा टिंग टिंग करतो.

मित्रांनो, माझ्या जातभाईंना जपून वापरा, एवढे सांगून मला थांबता आले असते. पण मला ते नको आहे. बदाम ठेवण्याआधी वाचा. कुणी 'कुठे येऊ?' विचारले तर उत्तर द्या. आणि फोटो काढून झाला असेल तर आम्हाला जरा खाली ठेवा, तुमच्या पोराचा हात धरा आणि त्याला माशाच्या लेनमध्ये उतरवा. तिथे अजून पुष्कळ जागा आहे.