विजेच्या गाडीचा उपास

लढाईमुळे पेट्रोल कुपनावर मिळू लागलं, तेव्हा वडगावच्या अप्पासाहेबांनी कॅम्पातल्या एका साहेबाची जुनी विजेची गाडी घेतली. अप्पासाहेबांच्या घरी माग, शहापूरच्या पेठेत साड्यांचं दुकान. मी मष्णू, त्यांचा टांगेवाला. त्यांनी घोडा विकला आणि मला गाडीवर बसवलं.

त्या गाडीवर माझा विश्वास कधी बसलाच नाही. आवाज नाही, धूर नाही. गुपचूप चालणाऱ्या माणसाचासुद्धा मला संशय येतो, ही तर गाडी. गोठ्यातल्या भिंतीवरच्या पेटीतून वायर लावायची आणि तासन् तास ठेवायची. पोटात काय गेलं ते दिसत नाही. पेठेत लोक मला गाठायचे.

"मष्णू, किती लांब जाती रं?"

"वाटंत संपली तर?"

"पावसात शॉक बसतोय व्हय?"

"स्टेशनाला जाऊन परत येती," मी सांगायचो. "संपली तर ढकलायची. आणि शॉक आधी तुला बसंल, लई चौकशा करतोयस."

टांगेवाले मात्र भलतंच कुजबुजायचे. म्हणे मालक झोपले की मष्णू गाडी भाड्यानं फिरवतो. हे अप्पासाहेबांच्या कानावर गेलं होतं. मी वायर लावली की ते मागून येऊन चाचपून बघायचे. माझं डोकं फिरायचं.

खंडेनवमीला सकाळी वायर लावून मी घरी गेलो. मागाला सुट्टी, म्हणून मलाही. दसऱ्याला आलो तर गाडी अंगणात ओढून सजवलेली, दोन्ही बाजूंना ऊस, पुढे झेंडूच्या माळा. आतला, किती करंट उरलाय ते दाखवणारा काटासुद्धा माळांखाली झाकून गेला होता. चिकोडीचे व्यापारी यमनाप्पा यांना आणायला मी आणि अप्पासाहेब स्टेशनावर गेलो. परतताना शहापूरच्या पेठेत, अगदी दुकानासमोर, गाडी हळू होत होत थांबली. टांगेवाल्यांनी टाळ्या पिटल्या.

"वायर लावली हुतीस का?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"लावली हुती, मालक."

"मंग करंट गेला कुठं? राती कुणाला फिरवून आणलंस?"

"कुणालाबी न्हाय. आईशप्पत!"

"उद्यापासनं येऊ नगंस."

पाहुण्यादेखत, सगळ्या पेठेदेखत. मला भर रस्त्यात रडू येईल असं वाटलं. चोर ठरलेल्या माणसाला वडगाव-शहापुरात टांगासुद्धा कोण देणार?

आम्ही गाडी ढकलत घरी आणली. मी तडक गोठ्यात गेलो, म्हटलं वायर दाखवतोच. पेटी होती, वायर नव्हती.

"बघा यमनाप्पा," अप्पासाहेब कडाडले, "वायर बी विकली ह्यानं!"

त्यांची बायको अंजनीबाई पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन आल्या होत्या. त्या जागीच थांबल्या.

"अवो, वायर पूजेत हाय की. काल तुमीच न्हाय का मांडली?"

आम्ही आत गेलो. पाटावर मागाचे धोटे, फणी, दुकानातला कापड मोजायचा गज आणि त्यांच्या शेजारी वेटोळं घातलेली वायर. तिला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. मी घरी गेल्यावर अप्पासाहेबांनी स्वतःच्या हातानं ती काढून पूजेला बसवली होती. विणकराच्या घरात पूजेला बसलेलं हत्यार सीमोल्लंघन होईपर्यंत उचलत नाहीत, त्या दिवशी त्यानं काम करायचं नसतं. वायरही हत्यारच, असा त्यांनी हिशेब केला. गाडी उपाशी राहील हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

यमनाप्पा उपरण्यात तोंड घालून हसत होते. अप्पासाहेबांनी वायरीवरचं फूल सरळ केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांजच्याला सोनं द्यायला ये."

गेलो. आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली, पाया पडलो. ते "चुकलं माझं" म्हणतील म्हणून जरा वाकूनच थांबलो. त्यांनी पाठीवर थोपटलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी वायर त्यांच्या हातात दिली. "मालक, हितनं पुढं रोज तुमीच लावा. आणि तुमीच लावताय हे पेठेत सांगा."

ते वायर रोज लावतात. पेठेत मात्र त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. मी गाडी घेऊन दुकानासमोर आलो की टांगेवाले अजून विचारतात, "काय मष्णू, राती किती भाडी मारलीस?"